दोहा ते परळ, व्हाया दोन मणके

कतारमध्ये पाहुणे आले की त्यांना काय काय दाखवायचे, याचा एक ठरलेला कार्यक्रम प्रत्येक मराठी घरात असतो. पहिल्या दिवशी कॉर्निशवर फेरी आणि इस्लामिक कलेचे म्युझियम, दुसऱ्या दिवशी सूक वाकिफ आणि करक चहा, आणि शुक्रवारी वाळूच्या टेकड्या. आमच्या घरी हा प्रयोग इतक्या वेळा झाला आहे की संवाद सगळ्यांना पाठ आहेत. २०१८ च्या फेब्रुवारीत सौ.चे धाकटे बंधू सहकुटुंब आले, तेव्हाही पडदा नेहमीप्रमाणेच वर गेला.

(सुरुवातीलाच खुलासा करून टाकतो. या लेखात 'आम्ही' म्हणजे आम्ही उभयता. काही ठिकाणी 'आम्ही' म्हणजे एकटे आम्हीच, ते वाचकांनी संदर्भाने ओळखावे. सौ.ने हा लेख वाचून दोन ठिकाणी खोडला आहे आणि एका ठिकाणी स्वतःची वाक्ये घातली आहेत.)

दोह्याच्या दक्षिणेला मेसईदचे कारखाने मागे टाकले की सीलाइनच्या किनाऱ्याशी डांबरी रस्ता संपतो. तिथे ड्रायव्हर मंडळी टायरमधली बरीचशी हवा सोडून देतात. चाक पसरट झाले की गाडी वाळूत रुतत नाही. मग जे सुरू होते त्याला आपल्याकडे 'जत्रेतला पाळणा' म्हणता येईल, फक्त इथे पाळणाच टेकडीवरून आडवा घसरतो. टेकड्यांच्या पलीकडे खोर अल अदैद, म्हणजे वाळवंटाच्या पोटात शिरलेले समुद्राचे निळे पाणी, आणि समोरच्या काठाला सौदी अरेबिया. पाहुणे किंचाळतात, फोटो काढतात, तृप्त होतात. त्या दिवशी तिसऱ्या उतारावर गाडी धपकन आपटली आणि सौ. एकदम गप्प झाली. खाली उतरल्यावर म्हणाली, "अहो, मान खाली गेली तेव्हा दोन्ही हातांतून करंट गेल्यासारखं झालं. थेट बोटांपर्यंत."

आम्ही काय म्हणालो? "सीट गार असेल, एसी लागला असेल." एवढे शिकलेले आम्ही, जर्मनीतून एम.एस. करून आलेले, आणि हे उत्तर दिले. ते लिहून ठेवतो, म्हणजे सौ.ला दर वेळी आठवण करून देण्याचे कष्ट पडणार नाहीत.

पाहुणे गेले. मानदुखी राहिली. मार्च-एप्रिलमध्ये एका खासगी दवाखान्यात दाखवले. तिथे 'स्पॉन्डिलायटिस' असे सांगून गोळ्या, मलम आणि दहा दिवस शेक-मसाज लिहून दिला. नाव लिहीत नाही, कारण तशी चूक कुठेही झाली असती. चाळिशीच्या बाईची मान दुखते म्हटल्यावर शंभरातल्या नव्वद जणींना तेच असते. पण त्या मसाजमध्ये मान धरून कडकन वळवायचा जो प्रकार असतो तो दोनदा झाला, आणि तो आठवला की अजूनही आमच्या पोटात खड्डा पडतो.

उन्हाळ्यात वेगळ्याच गोष्टी दिसू लागल्या. लाटणे हातातून सुटायचे. ब्लाउजची बटणे लावायला कन्येला हाक जायची. आणि चप्पल. एकदा नजम्यातल्या आमच्या घराखालच्या दुकानातून दूध घेऊन सौ. वर आली, तर एक पाय अनवाणी. चप्पल जिन्यात राहिली होती आणि तिला पत्ताच नव्हता. आम्ही हसलो. तीही हसली. दुसऱ्या वेळी तेच झाले तेव्हा दोघेही हसलो नाही.

पुढे आम्हांला कळले की भारतातले मेंदूचे डॉक्टर पेशंटला मुद्दाम विचारतात, "चालताना चप्पल पायातून निसटते का? निसटलेली कळते का?" बूट घालणाऱ्या देशांत हा प्रश्न सुचणार नाही. मज्जारज्जू दाबला जात असेल तर पायाला स्वतःची खबर नीट पोहोचत नाही, आणि ती बातमी पहिल्यांदा चप्पल देते.

आरोग्य केंद्रातून हमद जनरल हॉस्पिटलला चिठ्ठी मिळाली. हे दोह्याचे १९८२ साली सुरू झालेले मोठे सरकारी रुग्णालय. इथल्या प्रत्येक घराच्या पाकिटात हमदचे कार्ड असते आणि ते कधी काढावे लागू नये अशीच सगळ्यांची इच्छा असते. तिथे एक सुदानी डॉक्टर भेटले. मोजके बोलणारे, शांत. त्यांनी सौ.चा हात आपल्या हातात सैल धरला आणि मधल्या बोटाच्या नखावर टिचकी मारली. अंगठा आपोआप आत वळला. दुसऱ्या हातावर टिचकी, तिथेही तेच. डॉक्टर काही बोलले नाहीत. कपाटातून कडक कॉलर काढली, स्वतः बांधली, आणि मग म्हणाले, "आता एमआरआय होईपर्यंत मान हलवायची नाही. गाडी चालवायची नाही. मसाज तर अजिबात नाही."

एमआरआय झाला. मान पुढे वाकवून आणि मागे नेऊन एक्स-रे झाले. मग सीटी स्कॅन. निदान असे की सौ.च्या मानेचा पहिला आणि दुसरा मणका एकमेकांना धरून राहिलेले नाहीत.

इथे थोडे सविस्तर लिहितो, कारण आम्हांला हे समजायला महिना लागला. माणसाच्या मानेत सात मणके असतात. जिराफाच्या मानेतही सातच. पहिल्याला अ‍ॅटलास म्हणतात, ग्रीक पुराणात आकाश खांद्यावर तोलून धरणाऱ्या दैत्यावरून. तो एक कडे आहे, त्यावर डोके बसते. दुसरा मणका अ‍ॅक्सिस. त्यातून दातासारखा एक खुंटा वर येतो आणि अ‍ॅटलासच्या कड्यात शिरतो. जात्याचाच प्रकार म्हणा. खालच्या तळीत खुंटा, वरची तळी त्याभोवती फिरणार. आपण नको म्हणून मान हलवतो त्या फिरण्यापैकी जवळजवळ निम्मे या एका सांध्यात होते. खुंटा मागे सरकू नये म्हणून आडवा एक चिवट पट्टा असतो, आणि पट्ट्याच्या लगेच मागे मज्जारज्जू. हातापायांच्या सगळ्या तारा तिथून खाली जातात, श्वासाच्यासुद्धा.

सौ.चा खुंटा दुसऱ्या मणक्याला जोडलेलाच नव्हता. तो सुटा होऊन पहिल्या मणक्याबरोबर पुढे-मागे सरकत होता. असे जन्मतःही असू शकते किंवा लहानपणी मोडून तसेच राहिलेले असू शकते. "लहानपणी पडला होतात का?" डॉक्टरांनी विचारले. सौ. नाही म्हणाली. रात्री साताऱ्याला फोन लावला तर सासूबाई पलीकडून म्हणाल्या, "अगं, पडली होतीस की! चिंचेवरून. पाच वर्षांची होतीस. आठ दिवस मान वाकडी, मग वैद्यांनी लेप दिला अन् झाली बरी." म्हणजे पस्तीस-छत्तीस वर्षे ही बाई सुट्या खुंट्यावर डोके घेऊन वावरली. लग्न, बाळंतपण, दोह्याचा संसार सगळे त्यावरच झाले.

आमचा धंदा फिरणाऱ्या यंत्रांचा. रास लफ्फानला पंप आणि कॉम्प्रेसर बघतो. दोन शाफ्ट एका रेषेत आहेत की नाहीत हे आम्ही मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतो आणि फरक पडला तर यंत्र बंद करतो. एक्स-रेवर मान वाकवताना सौ.चा पहिला मणका आठ मिलिमीटर पुढे सरकत होता. मोठ्या माणसात तीन मिलिमीटरपर्यंत चालते म्हणतात. आठ मिलिमीटर! असे यंत्र आम्ही एक मिनिट चालू दिले नसते, आणि हिला तर वाळूच्या टेकड्यांवरून नेऊन आणले होते.

त्यानंतरचे दोह्याचे दिवस आम्ही मानेने पाहिले. २०१८ मध्ये सगळे शहर खणलेले होते. मेट्रो व्हायची होती, वर्ल्ड कपचे रस्ते व्हायचे होते. आज ज्या वळणाने गेलो ते उद्या बंद. प्रत्येक तात्पुरत्या रस्त्याच्या तोंडाशी एक गतिरोधक. नजम्यापासून हमदपर्यंत किती गतिरोधक आहेत हे आम्हांला अजून तोंडपाठ आहे, आणि त्यातले कुठले नगरपालिकेने घातलेले व कुठले कुणा व्हिलावाल्याने हौसेने, हेही. गाडी ताशी पाच किलोमीटरवर आणायची, मागून लँड क्रूझर दिवे मारणार, मारू देत. वेस्ट बेचे मनोरे सौ.ला आता फक्त कमरेपर्यंत दिसत. वर बघायला मान मागे न्यावी लागते ना.

एका संध्याकाळी तिला घरात कोंडल्यासारखे झाले म्हणून सूक वाकिफला नेले. तिथे ससाण्यांचा बाजार आहे आणि शेजारीच ससाण्यांचे इस्पितळ, खरोखरचे, एक्स-रे वगैरे सगळे असलेले. काचेआड डोळ्यांवर कातडी टोप्या घातलेले ससाणे ओळीने बसलेले. एकाची टोपी काढली तशी त्याने मान अशी काही गर्रकन मागे फिरवली की सौ. बघतच राहिली. पक्ष्यांच्या मानेत आपल्यापेक्षा बरेच जास्त मणके असतात, घुबडाला तर चौदा, असे आम्ही ज्ञान पाजळले. कॉलरमधून हू नाही की चू नाही. मग म्हणाली, "याला चप्पल नाही, हे बरं आहे."

ऑपरेशनला पर्याय नव्हता. ऑपरेशन म्हणजे दोन मणके स्क्रूने जोडून कायमचे एक करून टाकायचे. ते इथेही होऊ शकले असते, हे स्पष्ट लिहितो. दोह्यात होत नाही म्हणून पळालो असे कुणी समजू नये. पण पुढे तीन महिने कॉलर, घरात करणारे कुणी नाही, कन्या नववीत. आणि खरे सांगायचे तर धीर होत नव्हता. मज्जारज्जूच्या दोन्ही बाजूंना मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रोहिण्या त्या मणक्यांतूनच वळसे घेत जातात. स्क्रू जायचा तो त्यांच्या शेजारून. आम्हांला वाटले, जगात हे सर्वात जास्त ज्यांनी केले आहे त्यांच्याकडेच जायचे.

म्हणून आम्ही जे येते ते केले. एक्सेल शीट. उभ्या रकान्यात हॉस्पिटले, आडव्या रकान्यात खर्च, अनुभव, अंतर, विमा. सौ.ने एकदा खांद्यावरून (म्हणजे सगळे अंग वळवून) ते पाहिले आणि म्हणाली, "मी काय पंप आहे का? टेंडर काढताय?" दोन दिवस अबोला. त्या दोन दिवसांत आम्ही आखेनमधल्या आमच्या जुन्या सहाध्याय्याला लिहिले. त्याची बायको तिकडे मणक्यांच्या विभागात काम करते. मनात होते की जर्मनी म्हणजे शेवटचा शब्द. तीन दिवसांनी उत्तर आले. रिपोर्ट पाहिले, निदान बरोबर आहे, पद्धत गोयल-हार्म्स. आणि खाली एक ओळ : हार्म्स आमचे, पण पहिले नाव तुमच्या मुंबईचे आहे, तुम्ही आम्हांला का विचारता?

सुदानी डॉक्टरांना हे सांगितले तर ते पहिल्यांदा हसले. म्हणाले, "मला वाटलं तुम्हांला माहीतच असेल. केईएम."

वाचकहो, आम्ही नायगावचे. केईएममध्येच जन्मलो. परळच्या त्या इमारतीवरून शाळेला जात-येत होतो. आमच्या लेखी केईएम म्हणजे म्युनिसिपालिटीचा दवाखाना, गिरणीत हात सापडला की न्यायची जागा, रांगा आणि फिनेलचा वास. १९२६ साली ते सुरू झाले तेव्हा सेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या देणगीच्या विश्वस्तांनी अट घातली होती की शिकवणारे डॉक्टर हिंदीच असले पाहिजेत, गोऱ्या साहेबाची नेमणूक चालणार नाही. हे शाळेत कधी तरी ऐकले होते. पण तिथे असे काही घडले आहे की ज्याचे नाव दोह्यात आणि जर्मनीत घेतात, हे पंचेचाळिसाव्या वर्षी कळले.

हकिकत अशी. हे दोन मणके पूर्वी तारेने बांधत. १९३९ साली गॅली यांनी सांगितलेली पद्धत अनेक वर्षे चालली. तार ताणात धरते, पण वळताना आणि सरकताना ढिली पडते, हे आम्हां यंत्रवाल्यांना कुणी सांगायला नको. पुढे युरोपात मागेर्ल यांनी खालून एकच लांब स्क्रू दोन्ही मणक्यांतून आरपार नेण्याची युक्ती काढली. पक्की, पण रोहिणी वाटेत असेल तर धोक्याची. केईएममध्ये डॉ. अतुल गोयल यांनी वेगळाच विचार केला. पहिल्या मणक्याच्या बाजूच्या जाड भागात वेगळा स्क्रू, दुसऱ्यात वेगळा, आणि दोन्ही बाहेरून पट्टीने जोडायचे. शिवाय मधला सांधा उघडून, त्यातली कूर्चा खरवडून, तिथे हाडाचे तुकडे भरायचे, म्हणजे काही महिन्यांत हाडच हाडाला धरते. त्यांचा आणि डॉ. लाहेरी यांचा याविषयीचा निबंध १९९४ साली युरोपातल्या न्यूरोसर्जरीच्या मासिकात आला. २००१ मध्ये जर्मनीच्या हार्म्स आणि मेल्चर यांनी पट्टीऐवजी फिरत्या डोक्याचे स्क्रू आणि सळी वापरून तेच पुढे नेले. म्हणून जोडनाव. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर मुंबईने सांध्याच्या तोंडाशी जाऊन जोड पक्का केला, इतके दिवस लोक लांबून बांधत होते.

आता खरी परीक्षा घरची होती. पुण्याच्या काकांचा फोन, "अरे, कतारमधला इंजिनियर तू, आणि बायकोला म्युनिसिपालिटीत नेतोस? लोक काय म्हणतील?" कंपनीच्या विम्याच्या यादीत मुंबईतली चकचकीत रुग्णालये होती, परळचे हे नव्हते. आम्हीही मनातून डळमळलो, खोटे कशाला बोलू. फोन सौ.ने घेतला. "काका, ज्यांनी हे काढलं त्यांच्या खात्यात जातेय. फरशी कशी आहे ते बघायला नाही." आणि फोन ठेवला. (ही सौ.ची वाक्ये. तिने 'फरशी' हा शब्द मुद्दाम ठेवायला सांगितला.)

२०१८ च्या नोव्हेंबरात निघालो. २८ ऑक्टोबरपासून बहुतेक नोकरदारांना देश सोडायला कंपनीच्या एक्झिट परमिटची गरज उरली नव्हती, त्यामुळे तो एक कागद कमी झाला. बाकीचे कागद मात्र एक फाईलभर. पुढे कुणाला वेळ आली तर म्हणून सांगतो : हमदच्या रेकॉर्ड विभागातून नुसता रिपोर्ट नव्हे, तर स्कॅनची सीडी मागून घ्या, मुंबईतले डॉक्टर चित्रे स्वतः बघतात. विमान कंपनीचा वैद्यकीय फॉर्म आधी भरून घ्या. व्हीलचेअर तिकिटावर लिहून घ्या. आणि मानेला हातातली उशी नको, कडक कॉलरच हवी.

हमद विमानतळावर मधोमध तो प्रचंड पिवळा टेडी अस्वल बसलेला आहे, मानेमागून काळा दिवा निघालेला. एरवी सगळे त्याच्यापुढे फोटो काढतात. सौ. व्हीलचेअरवरून त्याच्याकडे बराच वेळ बघत होती. म्हणाली, "ह्याचं ऑपरेशन झालेलं दिसतंय."

कन्येला समोरच्या फ्लॅटमधल्या मल्याळी ताईंनी ठेवून घेतले होते. मंडळाच्या मैत्रिणींनी आळीपाळीने डबे दिले. पुढच्या तीन-चार महिन्यांत कन्या मल्याळम शिवाय पुट्टूही शिकली. त्या घरांची नावे इथे घालू नका अशी तंबी आहे, म्हणून घालत नाही.

दोह्याहून मुंबई साडेतीन तासांवर. केईएमचा बाह्यरुग्ण विभाग मात्र वेगळाच देश. सकाळी केस पेपरची रांग. तिथे आमचे कतार, आमची डिग्री, आमची फाईल, सगळे रांगेतल्या नंबराएवढे. बाकावर शेजारी बिहारमधले एक गृहस्थ होते, मांडीवर दहा-अकरा वर्षांची मुलगी, तिच्याही गळ्यात कॉलर. तिचा आजार जवळपास तोच. उत्तर प्रदेश-बिहारकडून असे पेशंट तिथे पुष्कळ येतात असे नंतर कळले. त्यांनी विचारले, कुठून आलात? कतार. "वो कितना दूर पड़ता है?" आम्ही म्हटले, साडेतीन तास. ते आश्चर्याने बघत राहिले. त्यांना गावाहून परळला पोहोचायला दोन दिवस लागले होते, मुलीला आळीपाळीने मांडीवर घेऊन, गाडी थांबली की तिची मान दोन्ही हातांनी धरून. आम्ही दोह्याच्या गतिरोधकांचे केवढे पुराण लावले होते!

ऑपरेशन डिसेंबरात झाले. सर्जननी आदल्या दिवशी कागदावर चित्र काढून सगळे सांगितले, मराठीत, सौ.ला, आम्हांला नाही. काय बिघडू शकते तेही सांगितले. हातपाय जाऊ शकतात, श्वासाला यंत्र लागू शकते, शक्यता थोडी, पण शून्य नाही. न केले तर? त्यांनी खांदे उडवले नाहीत. म्हणाले, "एक ठेच पुरेल." सौ.ने एकच प्रश्न विचारला, मान वळेल का. "निम्मी. बाकीची सवयीने." तिने सही केली. आम्ही त्याच कागदाखाली सही केली तेव्हा अक्षर बँक परत पाठवेल असे आले होते.

रात्री जिन्याच्या कट्ट्यावर पथारी टाकली. असे तिथे कितीतरी नातेवाईक असतात, एकमेकांच्या पिशव्या सांभाळत, एकमेकांचा चहा आणत. बिहारचे गृहस्थही होते. त्यांच्या मुलीचे आमच्या दोन दिवस आधी झाले होते. सौ. आत असताना पाच तास त्यांनी आमच्याशी आंब्याच्या कलमांविषयी गप्पा मारल्या. आम्हांला आंब्यातले खाण्यापलीकडे काही कळत नाही, पण त्या दिवशी सगळे ऐकले. तिसऱ्या प्रहरी त्यांनी आम्हांला वॉर्डाच्या दाराशी नेऊन दाखवले, मुलगी स्टीलचा पेला एका हाताने धरून पाणी पीत होती. "पहले दोनों से भी गिरता था." मग आमचा नंबर पुकारला.

सौ. शुद्धीवर आली. डॉक्टरांनी पायाचा अंगठा धरून विचारले, वर की खाली? "वर." आता? "खाली." बरोबर होते. एवढे शब्द आम्ही आजवर कुठल्याही परीक्षेच्या निकालात ऐकलेले नाहीत.

चार स्क्रू, दोन पट्ट्या, कमरेच्या हाडाचे थोडे तुकडे. सांधा उघडताना वाटेत येणारा दुसरा मज्जातंतू कापावा लागतो, त्यामुळे डोक्याचा मागचा भाग बधिर झाला. अजून आहे. वेणी घालताना ती दुसऱ्याच कुणाची घालतेय असे वाटते, आणि गजरा माळला की आहे की पडला ते आरशात बघावे लागते. सातारला सासूबाईंकडे तीन महिने काढले. चिंच अजून आहे. सासूबाई ती तोडायला निघाल्या होत्या, सौ.ने तोडू दिली नाही.

२०१९ च्या मार्चअखेर परत आलो. मे महिन्यात मेट्रोची लाल मार्गिका सुरू झाली आणि सौ. तिची पहिल्या आठवड्यातली गिऱ्हाईक. ना गतिरोधक, ना लँड क्रूझरचे दिवे. कतारच्या मेट्रोचे लोक अनेक कारणांनी कौतुक करतात, आमचे कारण हे. हातांची ताकद वर्षभर हळूहळू येत राहिली. पोळ्या आधी नकाशासारख्या, मग गोल. बटणे कन्येच्या मदतीशिवाय. चप्पल मात्र आता मागे पट्टा असलेलीच घालते, गरज म्हणून नव्हे, म्हणते हिशेब चुकायला नको.

गाडी चालवायला दीड वर्ष घेतले. आपल्या मंडळातल्या जुन्या माणसांना दोह्याचे राउंडअबाउट आठवत असतील. इथे उजवीकडून चालवायचे, म्हणजे वर्तुळात घुसताना मान पार डावीकडे वळवून बघायचे. निम्म्या मानेच्या माणसाला ते जमेना. पण गेल्या दशकात इथले कितीतरी राउंडअबाउट काढून सिग्नल बसवले गेले आहेत, नावे तेवढी जुनी राहिली. वाहतूक खात्याने ते कुणासाठी केले आम्हांला ठाऊक नाही, पण सौ. हिरव्या दिव्याला सरळ निघते. जिथे राउंडअबाउट उरलेत तिथे शेजारच्या सीटवरून कन्या सांगायची, "डावीकडे मोकळं आहे, आई." आता तीही शिकायला परदेशी गेली, तेव्हा एक मोठा बहिर्वक्र आरसा बसवला आहे.

वर्ल्ड कप होऊन गेल्यावर, २०२३ च्या जानेवारीत, पुन्हा पाहुणे आले. आमचे मावसभाऊ, नाशिकचे. कॉर्निश झाले, सूक झाले, शुक्रवारी सीलाइन. सौ. आता टेकड्यांवर जात नाही, किनाऱ्यावर खुर्ची टाकून थर्मास घेऊन बसते. भाऊ गाडीत चढता चढता मानेवरून हात फिरवत म्हणाले, "वहिनी, हल्ली मान फार आखडते. आमच्या न्हाव्याकडून कडकन मोडून घेतो, बरं वाटतं."

सौ.ने थर्मास खाली ठेवला. "भाऊजी, खाली उतरा आधी. हात सैल सोडा." आणि त्यांच्या मधल्या बोटाच्या नखावर टिचकी मारली. उजव्या, मग डाव्या. आम्ही श्वास रोखून अंगठ्याकडे बघत होतो. हलला नाही.

"एवढ्यावर काही ठरत नाही. नाशिकला जाऊन डॉक्टरांना दाखवा," ती म्हणाली. "न्हाव्याला दाढीच करू द्या. आणि आज पुढच्या गाडीत नाही, इथे माझ्याजवळ चहा प्यायला बसायचं."